हॅशला बुरशी आली: ओल बरणीत शिरली नाही, ती आत होतीच

ताई, स. न. वि. वि.
आम्ही दोघं कॅनडात, ओंटारिओतल्या मिसिसागाला असतो. परसात गांजाची चार झाडं लावतो. हिला संधिवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे. रात्री दुखणं कमी व्हावं, झोप लागावी म्हणून ती शनिवार-रविवारी थोडं घेते. यंदा ऑक्टोबरात तोडणी करून कळ्या ओल्याच गोठवल्या आणि नोव्हेंबरात बर्फाच्या पाण्यात ढवळून हॅश, म्हणजे कळ्यांवरची राळ, काढलं. वडी पेपर टॉवेलमध्ये दाबून दोन दिवस ओट्यावर ठेवली. वरून कोरडी वाटली म्हणून काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवली. सोबत तांदळाची पुरचुंडी टाकली आणि दुकानात मिळते ती ६२ टक्क्यांची आर्द्रतेची पुडीही. तीन आठवड्यांनी पाहतो तर पांढरी लव आणि कुबट वास! वरचं खरवडून बाकीचं वापरता येईल का? गरम केल्यावर बुरशी मरेल ना? पुढच्या वेळी ओल आत शिरू नये म्हणून काय करायचं? गोठवलेल्या कळ्यांची एक पिशवी अजून आहे. तुपात घातलं तर टिकेल का? आणि मार्चमध्ये सांगलीला जातोय, मेव्हण्याचे गुडघे फार दुखतात. त्याच्यासाठी चिमूटभर नेलं तर चालेल का?
एक वाचक

नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात दिरंगाई नको. खरवडू नका, गरम करू नका, सगळं टाकून द्या. डोळ्यांना दिसते ती लव म्हणजे बुरशीचा वरचा भाग. तिचे धागे आत कुठवर गेलेत ते बाहेरून कळत नाही. उष्णतेनं बुरशी मेली तरी काही बुरश्या जे विष मागे ठेवतात, ते स्वयंपाकाच्या आचेनं नाहीसं होत नाही. शेंगदाण्यात सापडणारं अफ्लाटॉक्सिन त्यातलंच. आणि ओढून घ्यायचं म्हटलं तर बीजाणू जळून जातील या भरवशावर राहू नका. ते धुराबरोबर किंवा वाफेबरोबर फुप्फुसात जाऊ शकतात.

कुणालाही मी हेच सांगितलं असतं, पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दानं मला जास्त काळजी वाटली: मेथोट्रेक्सेट. संधिवातात हे औषध प्रतिकारशक्तीला लगाम घालायला देतात. अशा माणसाच्या फुप्फुसात अस्परजिलस जातीची बुरशी रुजली तर आजार गंभीर होऊ शकतो. कॅलिफोर्नियात ओढण्याचा परवानाधारक माल विक्रीआधी अस्परजिलसच्या चार जातींसाठी तपासावा लागतो, तो उगाच नाही. वहिनींनी या बरणीतलं गेल्या काही आठवड्यांत घेतलं असेल तर ताप, न थांबणारा खोकला, धाप, छातीत दुखणं यांतलं काही आहे का ते आजच विचारा. असेल तर डॉक्टरांना फोन करा आणि बुरशीचं स्पष्ट सांगा. ओंटारिओत १९ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला हे वापरायची मुभा आहे. डॉक्टरांसमोर संकोचायचं कारण नाही. त्या हे घेतात हे तुमच्या फार्मासिस्टलाही माहीत असू द्या. गांजातल्या सीबीडी नावाच्या घटकाचा काही औषधांशी आणि यकृताशी संबंध येतो, आणि मेथोट्रेक्सेटवर असताना यकृताच्या तपासण्या चालूच असतात.

टाकताना ओल्या चहापत्तीत कालवून, पिशवीला गाठ मारून टाका, म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही. बरणी गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. तांदळाची पुरचुंडी आणि ती पुडी दोन्ही फेका.

आता ओल. तुम्ही विचारता ती आत शिरू नये म्हणून काय करायचं. दादा, तुमच्या बरणीचं झाकण चांगलं असणार. ओल बाहेरून आली ती थोडीच. बहुतेक सगळी तुम्ही वडीबरोबर आत ठेवलीत.

बर्फाच्या पाण्यात ढवळल्यावर कळीवरच्या बारीक देठांवरचे राळेचे गोळे तुटून खाली बसतात आणि जाळीच्या पिशवीत अडकतात. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून तर ही पद्धत चालते. पण या लाखो गोळ्यांच्या मधल्या फटींत पाणी भरलेलं असतं, आणि ते तुम्ही वडी दाबून आत कोंडलंत. हाताच्या उबेनं राळ मऊ पडते, गोळे एकमेकांना चिकटतात, फटी बुजतात. वरचा थर दोन दिवसांत सुकतो आणि त्याचंच कवच होतं. घाईनं उन्हातून उचललेला सांडगा वरून खडखडीत आणि आतून ओला असतो, तसं. बोटाला कोरडं लागलं म्हणजे आत वाळलं असं नाही.

बुरशीला पाण्याचा थेंब दिसायला लागत नाही. बंद बरणीतल्या हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की काही बुरश्यांना ते पुरतं, आणि ६० च्या खाली जवळपास काहीच वाढत नाही. फ्रीजच्या थंडीनं बुरशीचा वेग मंदावतो, ती थांबत नाही. म्हणून तर तिला तीन आठवडे लागले. ६२ टक्क्यांची पुडी सुकवलेल्या कळ्यांसाठी असते, त्या फार खडखडीत होऊ नयेत म्हणून. हवा कोरडी झाली की ती पुडी ओल परत सोडते. हॅशला तिचा काही उपयोग नाही. तांदळाचं म्हणाल तर मीठदाणीत चार दाणे टाकायची आपली सवय ठीक, पण साठवणीच्या तांदळातच १२-१३ टक्के पाणी असतं. तो ओल्या वडीतलं पाणी किती ओढणार? उलट बुरशीला खायला दाणे मिळाले.

थोडी ओल बाहेरूनही आली, आणि ती झाकण उघडताना. तुमच्या स्वयंपाकघरात २२ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरली, तर ११ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रीजमधली बरणी ४ अंशांची. दर शनिवारी ती बाहेर काढून लगेच उघडली की हवेतलं पाणी सरळ हॅशवर बसतं, वर झाकण लावून तुम्ही ते आत बंद करता. फ्रीझरमधून काढलेल्या बरणीचं तर याहून वाईट.

पुढच्या वेळी वडी करूच नका. पाणी निथळल्यावर जाळीवरचा ओला थर जाळीसकट घडी करून बाहेरच्या बाजूनं टॉवेलनं टिपा. दाबू नका, नुसतं टिपा. मग तो पातळ थर तसाच फ्रीझरमध्ये दगडासारखा गोठू द्या. बारीक किसणी, किंवा पिठाची स्टीलची चाळणी, तीही तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेला तुकडा काढला की लगेच पार्चमेंट पेपरवर किसा. बोटांनी धरू नका, हातमोजा किंवा कागदाची चिमटी वापरा, आणि ढेकळ मऊ पडतंय असं वाटलं की परत फ्रीझरमध्ये टाका. कागदाखाली खोक्याचा कोरडा पुठ्ठा असू द्या, तो ओल ओढतो. मेणकागद वापरू नका, त्याचं मेण राळेला लागतं. कीस भुरभुरता, एकेरी पडला पाहिजे. ढीग झाला तर आतलं वाळत नाही. सगळं काम या किसण्यात आहे. इथं दाणा जितका बारीक, तितकं पाण्याला बाहेर पडायचं अंतर कमी.

मग तो पुठ्ठा एका रुंद खोक्यात सरकवून झाकण अर्धवट उघडं ठेवा. खोकं कुठं ठेवायचं हे महत्त्वाचं. स्वयंपाकघरात नको, तिथं कुकरच्या शिट्ट्या आणि भाताची वाफ. वॉशिंग मशीन आणि सांडपाण्याची मोरी असलेल्या बेसमेंटमध्येही नको. वापरात नसलेली खोली घ्या, हीटिंगची जाळी बंद करा, खिडकी बोटभर उघडी ठेवा. तापमान १५ अंशांच्या खाली आणि आर्द्रता ३० ते ४० टक्के असली की उत्तम. हिवाळ्यात ओंटारिओत हे फुकट मिळतं. बाहेर उणे १० अंश असताना त्या हवेत घनमीटरला जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली की तिची आर्द्रता ११-१२ टक्क्यांवर येते. जानेवारीत ओठ फुटतात, वुलनचे चटके बसतात, ते याच कोरडेपणामुळे. हॅशला मात्र हाच कोरडेपणा हवा. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यांवरून येणाऱ्या दमट हवेत उघड्यावर वाळवायच्या भानगडीत पडू नका. तेव्हा करायचंच असेल तर एअर कंडिशनर किंवा डीह्युमिडिफायर लावलेली बंद खोली हवी.

पंखा थेट कागदावर नको, सगळं उडून जाईल. खोलीत हवा हलती राहील इतका भिंतीकडे तोंड करून लावा. दिवसातून एकदा जुन्या कार्डाच्या कडेनं कीस हलकेच उलटा. पाच ते सात दिवस धरा. रोज वाळूसारखा सुटा होत जाईल, रंग फिकट पडत जाईल.

फ्रीझ ड्रायर नावाचं यंत्र हे काम दिवसाभरात करतं. गोठलेल्या पाण्याची पोकळीत सरळ वाफ होते, मध्ये द्रव व्हायची वेळच येत नाही, म्हणून राळही मऊ पडत नाही. फार छान यंत्र आहे. पण हजारो डॉलरचं, आणि चार झाडांसाठी कुणी घ्यावं असं मला वाटत नाही.

ओव्हनमध्ये वाळवू नका, हेअर ड्रायरही नको. राळ वितळेल, पुन्हा कवच धरेल, सुगंध उडून जाईल आणि आतलं पाणी तिथंच राहील. आणि कुणी सांगितलं की अल्कोहोल शिंपडा, ते पाणी ओढून उडून जातं, किंवा ब्यूटेननं अर्क काढा म्हणजे पाण्याचा प्रश्नच नको, तर ऐकू नका. हे द्रावक वापरून घरी अर्क काढायला कॅनडात बंदी आहे, आणि कारण साधं आहे: त्यांची वाफ बंद खोलीत साचते, आणि फ्रीजच्या स्विचची ठिणगीही तिला पुरते. बर्फ आणि पाणी यांवर तुमची गाडी चालली आहे, ती तशीच चालू द्या.

वाळलं की नाही हे डोळ्यांवर आणि बोटांवर सोडू नका. दोन खात्र्या करा. पहिली वजनाची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं तर सुटं पाणी गेलं. वजन घटत असेल तर थांबा, चार दिवस झाले म्हणून उचलू नका.

दुसरी खात्री बरणीतल्या हवेची. नाण्याएवढा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. तो वाळलेल्या हॅशसोबत छोट्या बरणीत ठेवून झाकण लावा आणि खोलीच्या तापमानाला दिवसभर राहू द्या. आकडा ५५ च्या खाली स्थिरावला तर साठवायला हरकत नाही. ६० च्या पुढे गेला तर परत कागदावर पसरा. पण स्वस्त मापकाचा आकडा आधी पडताळून घ्या. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, ते ओलसर होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. बूच आणि मापक एका बंद डब्यात शेजारी शेजारी ठेवा. आठ-दहा तासांनी आकडा ७५ दिसला पाहिजे. ७० दिसला तर तुमचा मापक पाच कमी दाखवतो, तेवढे धरून चाला. हे एकदा केलं की वर्षभर त्याच्यावर विसंबता येतं.

साठवताना एक मोठी बरणी करू नका. वहिनींना दोन-तीन आठवड्यांना पुरेल एवढं एका छोट्या काचेच्या बरणीत, गळ्यापर्यंत भरून, म्हणजे आत हवाच कमी राहील. अशा तीन-चार बरण्या. वापरातली एक अंधाऱ्या कपाटात खोलीच्या तापमानाला राहू दे, ती रोज उघडली तरी तिच्यावर दव बसणार नाही. बाकीच्या फ्रीझरमध्ये. त्यातली एखादी लागली की बाहेर काढा, बाहेरून पुसा आणि बंदच ठेवा. दोन-तीन तासांनी काच हाताला गार लागेनाशी झाली की मगच झाकण फिरवा. आणि एकदा उघडलेली बरणी परत फ्रीझरमध्ये जाऊ नये. सिलिका जेलच्या पुड्या हव्याच असतील तर सगळ्या बरण्या एका हवाबंद डब्यात ठेवून त्या डब्यात टाका, हॅशला लागू देऊ नका. पण हे लक्षात असू द्या की ती पुडी बाहेरची ओल ओढते, न वाळलेल्या वडीवर तिचा इलाज चालत नाही.

प्रत्येक बरणीवर तारीख आणि वजन लिहा.

तुपाची तुमची कल्पना मला आवडली. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं, नीट कढवलेल्या तुपात अर्ध्या टक्क्याच्याही आत, आणि पाणी नसेल तर बुरशीला वाव नाही. म्हणून बटर वापरू नका, घरचं तूप वापरा. पण हॅश त्याआधी पूर्ण वाळलेलं हवं. ओलं घातलं तर फसफसून वर येतं, आणि पाणी उडून जाईपर्यंत त्या मिश्रणाचं तापमान १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, त्यामुळे राळेतलं द्रव्य सक्रिय व्हायला हवी ती उष्णता त्याला मिळत नाही. तूप कढवताना चुडचुड थांबली की पाणी गेलं हे वहिनींना तुम्ही काय शिकवणार! तोच कान इथं वापरा. ओल्या कळ्या किंवा पानं मात्र तेलातुपात बुडवून बाहेर ठेवू नका. हवा नाही आणि पाणी आहे अशा जागी बुरशीपेक्षा घातक जंतू वाढू शकतो.

तुपातून घेतलेलं चढायला अर्धा ते दोन तास लागतात आणि असर बारा तासांपर्यंत राहू शकतो. घरच्या तुपात किती मात्रा आहे हे कुणी मोजलेलं नसतं. दुकानातल्या खाण्याच्या पाकिटात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १० मिलीग्रॅमच्या वर नसतं, तुमच्या एका चमच्यात त्याच्या कितीतरी पट असू शकेल. अगदी मोहरीएवढ्यापासून सुरुवात, आणि "काहीच होत नाही" म्हणून त्याच रात्री दुसऱ्यांदा घेणं नाही. डबा कुलपात ठेवा. घरात नातवंडं येत असतील तर साध्या तुपाच्या शेजारी तर मुळीच नको, पोळीवर लावायला कोण कधी उचलेल सांगता येत नाही.

सांगलीचं उत्तर: नाही. चिमूटभरही नाही. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात हे कायदेशीर झालं, पण देशाबाहेर नेणं आणि बाहेरून आणणं दोन्ही गुन्हाच राहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. आणि तुम्ही ज्याला हॅश म्हणता ते भारतात अमली पदार्थांच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली चरस आहे. १०० ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण धरतात, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पासष्टीच्या मेव्हण्याला असो की पंचविशीच्या भाच्याला, पोलीस ठाण्यात बसवायला एवढं पुरतं. निघण्याआधी बॅगांचे कप्पे, कोटाचे खिसे, औषधांचा डबा एकदा झटकून बघा, जुनी किसणी किंवा रिकामी बरणी चुकून जाऊ नये. मेव्हण्यांना सांगलीत हाडांच्या डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः घेऊन जा. एकट्यानं जायचं ते टाळत असतील.

राहिली गोठवलेली पिशवी. ती बाहेर काढा, बंद ठेवूनच थोडी मऊ पडू द्या आणि दोन-तीन जाड कळ्या मधोमध फोडून बघा. ऑक्टोबरच्या पावसात ओंटारिओतल्या परसातल्या जाड कळ्या आतून सडतात, बाहेरून हिरव्यागार दिसतात. आतला देठ करडा-तपकिरी, भुसभुशीत निघाला तर ती कळी आणि तिच्या लगतच्या कळ्या बाजूला काढा, आणि तसं बऱ्याच कळ्यांत दिसलं तर पिशवीच सोडा. बर्फाच्या पाण्यानं राळ वेगळी होते, बुरशी धुतली जात नाही. कळ्या स्वच्छ असल्या तर लगेच परत गोठवा, जानेवारीच्या कडक थंडीची वाट पाहा आणि निम्म्याच काढायला घ्या. तुमच्या त्या खोलीत किती दिवस लागतात हे पहिल्या निम्म्यातून कळेल, मग उरलेल्या. वजनाचे आकडे लिहून ठेवा आणि मला कळवा. वहिनींची तब्येतही कळवा.

तुमची,
ताई